बाहेरून कुलूप

आत्याचा तेरावा झाला, तशी विशाखा तिच्या साड्या न्यायला छावणीतल्या घरी आली. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या, आत्या गेल्यापासून बंद. आई गेल्यावर मनकर्णाआत्यानंच तिला इथं वाढवलं होतं. सायकलच्या कॅरियरवर बसवून शाळेत नेलं, स्वतःच्या लग्नाचं नावसुद्धा काढलं नाही.

वैशाखातली दुपार होती. विशाखानं कुलूप काढून पर्समध्ये टाकलं, दार लोटलं. फोन खाली गाडीच्या डिकीतच राहिल्याचं तिला आत आल्यावर आठवलं. खोलीत आत्याच्या गुडघ्यांना लावायच्या महानारायण तेलाचा वास तसाच होता. उलट जरा ताजाच.

शेवटची दोन वर्षं आत्याला कशाची आठवण राहायची नाही. एकदा ती क्रांती चौकात, भर रहदारीत उभी सापडली. नोकरी सोडली तर दोघींनी खायचं काय? म्हणून विशाखा रोज बाहेरून कुलूप लावायची. आत्या आतून दार थापटायची, आणि विशाखा भराभरा जिना उतरायची. त्या मंगळवारी ती परतली, तेव्हा आत्या दाराला टेकून बसलेली होती. अंग गार पडलेलं. लोकांना विशाखानं सांगितलं, झोपेत गेली.

साड्यांचं गाठोडं बांधता बांधता मागं कडी वाजली. मग कुलूप दाबल्याचा बारीकसा आवाज... खट्.

"कोण आहे?"

तिनं दार ओढलं. हललं नाही. खिडकीला गज, आणि पलीकडं शेजारच्या इमारतीची कोरी भिंत. तिनं आधी हळू, मग दोन्ही हातांनी दार बडवलं.

फटीतून, अगदी कानाशी, आवाज आला.

"विशू, शहाण्यासारखी बसून राहा. मी लवकर येते हं..."

आवाज आत्याचा होता. शब्द विशाखाचे, रोज सकाळचे.

"आत्या... चुकलं माझं. उघड ना गं..."

"उशीर होतोय बाई मला."

चपला फरफटत जिन्यावरून खाली गेल्या.

तिनं ओरडून पाहिलं. त्या उन्हात सगळी इमारत कूलर लावून निजलेली. माठ कोरडा, वीज तोडलेली, पंखा बंद, पत्र्याचं छत तापून खोली भट्टी झालेली. घसा सुकला तशी ती दाराला टेकून खाली बसली. हात आधाराला मागं गेला आणि लाकडावर बोटांना ओरखडे लागले. खोल, एकाखाली एक. बसलेल्या माणसाचा हात पुरेल तेवढ्याच उंचीवर.

"झोपेत नाही गेली," ती त्या कोंडलेल्या खोलीत मोठ्यानं म्हणाली. "माझी वाट बघत गेली. इथं बसून." आणि लहान पोरीसारखी हंबरडा फोडून रडली.

ते रडणं खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. ऊन उतरताना तिथल्या अमिनाचाचींच्या मुलानं, रिझवाननं हातोड्यानं कुलूप तोडलं. जुनं पितळी कुलूप. विशाखानं ते कधी पाहिलेलंच नव्हतं.

चाचींनी तिला पाणी पाजलं.

"कबसे अंदर है, बेटा?"

"दुपारपासून, चाची. कुणीतरी बाहेरून..."

हातातला तांब्या चाचींनी हळूच खाली ठेवला.

"दुपारी तूच तर कुलूप लावून खाली चाललीवती. मी दारातच होते. हाक मारली, तू हसली पण..." त्यांनी जिन्याकडं पाहिलं. "एका म्हातारीला हाताला धरून उतरवत होती. तोंडावर पदर होता तिच्या. तिला म्हणत होती, चल, आता नाय कोंडणार तुला."