गाण्याआधीचे चार सेकंद

नोकरी सॉफ्टवेअरची, पण इथे अमेरिकेत, हर्नडनमधल्या आमच्या बेसमेंटमध्ये मी जुन्या कंट्री गाण्यांच्या तबकड्या साफ करते. म्हणजे संगणकावर त्यांची खरखर काढते. नकुलची छोटी कंपनी ही गाणी पुन्हा बाजारात आणते. कुठलं गाणं कुणी, कधी रेकॉर्ड केलं ते शोधणंही माझ्याच गळ्यात.

१९२८ची एक तबकडी आली. गाते बाई, आणि लेबलवर नाव फक्त फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्या नवऱ्याचं. इतक्या वर्षांत एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही, की ही गाते कोण? मी शोधलं. तिची एक्क्याण्णव वर्षांची मुलगी गॅलॅक्स गावाजवळच्या वृद्धाश्रमात सापडली.

"मी आहे तोवर आईचं नाव छापून येऊ दे," ती फोनवर म्हणाली. लेबलवर आपण नसणार हे आईला ठाऊक होतं. म्हणून रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की गाण्याआधी ती हळूच स्वतःचं नाव घ्यायची.

मी कान देऊन ऐकलं. खरखरीचे चार सेकंद, आणि त्यात नाव. वहीत लिहून घेतलं.

"नीलांबरीताई, ते नॉइज आहे यार," नकुल म्हणाला. "कट कर. लेबलवर आहे तेच छापू. फाइल आजच पाठवायचीय."

माझं डोकं फिरलं. त्याला वाट्टेल ते बोलले. आणि तरी कापलं, रोजच्या सवयीने, एका क्लिकमध्ये. माझाच मला संताप आला.

दुपारी राहवेना, म्हणून तबकडी पुन्हा लावली. सुई टेकताच गाणं सुरू झालं. आधीची खरखर नव्हतीच. मूळ फाइलमध्येही नव्हती.

वही उघडली. ओळ कोरी होती. खाडाखोडही नाही.

नाव आठवेना.

तिसऱ्यांदा लावली. शेवटपर्यंत फिडल एकटंच वाजलं.

नकुलला विचारलं. "कुठली बाई? ते इन्स्ट्रुमेंटलच आहे ना?" मी फोन आपटला.

मग म्हातारीला लावला. आईचं नाव विचारलं.

"कुणाची आई?"

"तुमची."

"मला आई..."

"मग तुम्ही कोण?" मी ओरडलेच.



"सांगते हं," ती म्हणाली.

मी स्क्रीनकडे पाहिलं. कॉल चालू होता. तिच्या नावाच्या जागी आता नुसता नंबर होता.