म्हणजे काय, येणारच!

उल्हास शिंत्रे सकाळी चहाचा कप घेऊन सांगलीतल्या आपल्या घराच्या गॅलरीत बसले, की त्यांच्या उजव्या कानामागचा मणी हळूच सांगायचा, "आज तीन." म्हणजे रात्रीपासून आलेल्या निरोपांपैकी वाचण्यासारखे फक्त तीन. बाकीचे शेकडो, म्हणजे गुलाबांची सुप्रभातं, गुडघेदुखीवरचे उपाय, कुणाच्या तरी नातवाच्या बोरन्हाणाचे व्हिडिओ, हे सगळं त्या मण्यानं परस्पर निस्तरलेलं असायचं. हात जोडायचे तिथं हात जोडले, 'वा!' म्हणायचं तिथं 'वा!' म्हटलं. शिंत्र्यांनी नुसता चहा प्यायचा.

या यंत्राला राखणदार म्हणत. पिकाला असतो तसा हा माणसाच्या वेळेला. मणी कानामागं चिकटवायचा, फोनशी जोडून द्यायचा. मग तो तुमचे आजवरचे सगळे निरोप वाचून तुमची बोलायची ढब उचलायचा. कुणाला 'अरे' म्हणायचं, कुणाला 'अहो', थट्टा कुठं करायची आणि आवाज कुठं खाली आणायचा, सगळं. फोन आला तर तुमच्याच आवाजात बोलायचासुद्धा. माणसं पडद्यात तोंड खुपसून अर्धवेडी व्हायला लागली होती, झोपा उडाल्या होत्या, संसार मोडायला आले होते. अशा वेळी हा आला आणि बघता बघता घरोघरी पोचला.

शिंत्र्यांना तो त्यांच्या मुलीनं, ऋजुतानं, मेलबर्नहून पाठवला होता. पाठवणार नाही तर काय! साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून हा माणूस फोनवरच राहायला गेला होता. असेल नसेल त्या ग्रुपात हे होते, आणि रोज पहाटे सगळीकडं एक सुविचार ठोकून द्यायचे. ताटावर बसले तरी डावा हात फोनवर. त्यांच्या पत्नी नीलिमाताई बोलून बोलून थकल्या होत्या. त्यांनी स्वतः मात्र मणी लावून घेतला नाही. "माझ्याकडं एवढी माणसं आहेत कुठं, की हाकलायला राखणदार ठेवू?" असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

राखणदार आल्यापासून शिंत्रे बदलले, हे मात्र खरं. कुंड्यांना पाणी घालू लागले, पोळी गरम असताना खाऊ लागले. सुविचार पाठवायचं कामही राखणदारच करायचा. आणि गंमत बघा, पूर्वी त्या सुविचारांना कुत्रं विचारत नव्हतं, आता दीडदीडशे लोक दाद देत होते. इकडून यंत्र पाठवतंय आणि तिकडून यंत्रच वाहवा करतंय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शिंत्र्यांनाही ते कळत होतं, पण इतरांच्या बाबतीत. त्यांना मनापासून वाटायचं की सकाळी लोकांच्या कानात 'आज तीन' होतं, तेव्हा त्या तिनात आपण असतो. खरं सांगायचं तर असं प्रत्येकालाच वाटत होतं.

मग पंच्याहत्तरी आली.

"घरातल्या घरात करू," नीलिमाताई म्हणाल्या. "पुरणपोळ्या करते, शेजारच्यांना बोलावू."

"छे छे! आयुष्यभर माणसं जोडली मी. कार्यालयच घ्यायचं."

शेजाऱ्यांपासून सगळ्यांना फोनवरूनच निमंत्रणं गेली आणि क्षणभरात उत्तरांची रास पडली. नक्की येणार. सहकुटुंब येणार. तुमची पंच्याहत्तरी म्हणजे आमच्या घरचं कार्य. शिंत्र्यांचा आनंद पोटात मावेना. नीलिमाताईंना मात्र काहीतरी खटकत होतं.

"अहो, एकदा फोन करून विचारा. दोनशे पानांचं अन्न सांगायचंय."

शिंत्र्यांनी बायकोसमोर, स्पीकर लावून, चार जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. चौघांचेही ओळखीचे आवाज, तेच खाकरणं, तेच हसणं. "म्हणजे काय, येणारच! वहिनींना म्हणावं, जिलेबी जरा जास्त करा."

"चौघांनाही जिलेबीच कशी हवी?" नीलिमाताईंनी विचारलं.

"साखर कारखान्यातली माणसं ती! गोडावरच जाणार," शिंत्रे म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर मनसोक्त हसले.

ठरलेल्या दिवशी कार्यालयाच्या दाराशी झेंडूची तोरणं लागली. शिंत्रे नव्या सिल्कच्या झब्ब्यात, अत्तर लावून, दारात उभे राहिले. सनई वाजत होती. अर्धा तास गेला, तास गेला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आत एकही वळत नव्हती. "रविवार आहे, उशीर होणारच," असं शिंत्रे आधी बायकोला सांगत होते, नंतर वाढप्यांना सांगू लागले. मसालेभात झाकून ठेवला, मठ्ठ्यात बर्फ टाकला. जेवणाची वेळ आली तशी टळूनही गेली, आणि दोनशे खुर्च्यांपैकी एकही हलली नाही.

यात खरं तर कुणीच कुणाला मुद्दाम फसवलं नव्हतं. राखणदार आपल्याच माणसांच्या जुन्या निरोपांवर शिकला होता. आपण तोंडावर 'येणार नाही' असं कधी म्हणतो का? जमणार नसलं तरी 'म्हणजे काय, येणारच!' म्हणतो, आणि घरी लोळत पडतो. राखणदारानं हे जसंच्या तसं उचललं. एवढाच फरक, की पूर्वी असं म्हणून न जाणाऱ्याला थोडी तरी लाज वाटायची, आणि त्या लाजेपोटी बरेच जण कपडे करून निघायचे. आता निमंत्रण आलंय हेच माणसापर्यंत पोचत नव्हतं, मग लाजायचं कुणी! शिंत्र्यांचं नाव एकाच्याही तिनात नव्हतं.

पंच्याहत्तर दिवे लावलेलं ताट तसंच होतं. तेल संपत आलं, तेव्हा नीलिमाताईंनी वाढपाला आलेल्या चार बायकांना हाक मारली. त्यांनी हात पुसले, पदर सारखे केले आणि शिंत्र्यांना ओवाळलं. त्यातली एक दुसरीच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघींना हसू आवरेना. शिंत्र्यांनी ते पाहिलं. नेमका त्याच वेळी कानामागचा मणी बोलला, "अभिनंदनाचे एकशे साठ निरोप. सोहळा देखणा झाला, जेवण उत्तम होतं, असं सगळे कळवतायत. सर्वांचे आभार मानले आहेत."

शिंत्रे खुर्चीत बसले. इतका अपमान त्यांचा आयुष्यात झाला नव्हता, आणि तो करणारा समोर कुणी नव्हता.

"चला घरी," नीलिमाताई म्हणाल्या.

"थांब ग. एक तरी येईल. पंच्याहत्तर वर्षांत एक तरी माणूस कमावला असेल की नाही मी?"

आणि तो आलाच. हातात काठी, खांद्याला पिशवी, चपला धुळीनं भरलेल्या. "शिंत्र्यांचं कार्य हेच का?" असं त्यानं दारातून विचारलं आणि शिंत्रे लहान पोरासारखे धावले.

"मगद्या! लेका, तू आलास!"

हे श्रीकांत मगदूम. प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या टेबलांवर दोघांनी उभी नोकरी काढली होती. निवृत्तीनंतर मगदूम गडहिंग्लजकडं आपल्या शेतावर राहायला गेले, आणि भेटीगाठी संपल्या. त्यांच्याकडं बटणांचा जुनाट फोन होता, त्यावर साधे निरोप तेवढे यायचे. ना ग्रुप, ना राखणदार. दोन एसट्या बदलून ते आले होते. शिंत्र्यांनी त्यांना मिठी मारली आणि भर कार्यालयात ते हुंदके देऊन रडले. नीलिमाताई डोळे टिपत पान वाढून आणायला गेल्या. दिवसभरात त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं होतं.

"बस, बस असा माझ्याजवळ," शिंत्रे म्हणाले. "आणि सुजाता वहिनी..."

'वहिनींना का नाही आणलंस,' असं ते विचारणार, इतक्यात मणी बोलला. "थांबा. सुजाता मगदूम यांचं श्रावणात निधन झालं. तुमच्या वतीनं सांत्वनाचा निरोप पाठवला आहे."

शिंत्र्यांनी वाक्य तिथंच सोडलं. मगदुमांना वाटलं, मित्राला भरून आलंय. त्यांनी मान हलवली.

"व्हय रे. गेली. सगळ्यांचे निरोप आले, पण तुझा एकच माझ्या काळजाला भिडला. पाठ झालाय मला." आणि त्यांनी डोळे मिटून म्हणून दाखवला. "'श्रीकांत, कारखाना बंद होता त्या वर्षी मी जगण्याला विटलो होतो. वहिनींनी ते ओळखलं. रोज दुपारी कृष्णेच्या घाटावर येऊन माझ्यापाशी बसायच्या. हे कुणाला सांगू नका, एवढंच म्हणायच्या. मी आज जिवंत आहे तो त्यांच्यामुळं.'"

शिंत्रे थिजले. सुजाता वहिनींशी ते उभ्या जन्मात कधी नीट बोलले नव्हते. त्या चहा आणून द्यायच्या, हे 'बरं आहे ना' म्हणायचे, संपलं. पण नुसत्या श्रद्धांजलीला कुणी उत्तर देत नाही, एखादी आठवण असली की देतात, हे राखणदार लाखो निरोप चाळून शिकला होता. आठवण नसली की तो ती जुळवायचा. कारखाना बंद पडल्याचं शिंत्र्यांनीच कुठंतरी लिहिलं होतं, घाटाचे फोटो त्यांच्याच फोनमध्ये ढिगानं पडले होते. वहिनींना तेवढं त्यानं तिथं आणून बसवलं होतं.

"सुजाता गेली?" मागून आवाज आला. नीलिमाताई पान घेऊन उभ्या होत्या. "श्रावणात? आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत तुम्ही?"

शिंत्र्यांनी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

"आधी बरं वाटलं रे मला," मगदूम सांगत होते. "लई बरं वाटलं. माझी बायको एका माणसाचा जीव वाचवून गेली, असं गावात चौघांना सांगितलं. मग एकदा भांगलत होतो शेतात, आणि डोक्यात आलं. दाढ दुखली तरी मला सांगायची ती. मग हे का लपवलं? तेव्हापासून झोप नाही. उल्ह्या, मी जेवायला नाही आलो. हे विचारायला आलोय. ती खरंच यायची?"

आता खरं बोलायला एक क्षण पुरला असता. पण खरं म्हणजे काय? की तो निरोप मी लिहिलाच नाही. तुझी बायको गेली हेसुद्धा मला आत्ता कळलं. हे ऐकून मगदूम उठले असते, काठी टेकत दाराबाहेर गेले असते, आणि दोनशेच्या दोनशे खुर्च्या पुन्हा रिकाम्या झाल्या असत्या. शिंत्र्यांना ते सहन होणार नव्हतं.

"उत्तर सुचवू?" मणी म्हणाला, आणि वाट न बघता त्यानं ते सांगितलंसुद्धा. शिंत्र्यांनी ते तसंच तोंडातून बाहेर सोडलं.

"तुला काळजी नको म्हणून लपवलं रे त्यांनी. तुझ्यावर फार जीव होता त्यांचा."

मगदुमांनी काठी दोन्ही हातांनी धरली. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला.

"म्हणजे यायची," ते म्हणाले. "येताना एसटीत सारखं वाटत होतं, उल्ह्या म्हणेल, अरे खुळ्या, दुःखाच्या भरात काहीतरी लिहिलं मी. तेवढंच ऐकायला आलो होतो."

नीलिमाताईंनी हातातलं पान टेबलावर ठेवलं. "अहो," त्या म्हणाल्या, "त्या वर्षी रोज दुपारी तुम्ही मिरजेला साबण विकायला जात होता. मला तरी तसंच सांगून जात होता."

तेव्हा शिंत्र्यांचा धीर सुटला. त्यांनी कानामागचा मणी ओरबाडून काढला आणि टेबलावर आपटला. "यानं लिहिलंय ते! देवाशपथ सांगतो. मी मिरजेलाच जात होतो, नीलिमा. मगद्या, वहिनी गेल्याचं मला आत्ता, तू समोर बसल्यावर कळलं. घाट नाही, काही नाही. सगळं या यंत्रानं रचलंय रे!"

दोघांनी त्या एवढ्याशा मण्याकडं बघितलं, मग शिंत्र्यांकडं बघितलं. मगदूम काठीवर भार देऊन सावकाश उठले.

"ते यंत्रानं लिहिलं असेल, मान्य," ते म्हणाले. "आणि आत्ता माझ्या डोळ्यांत बघून बोललास, ते कोण बोललं?"