रकाना सत्तावीस : पाकट

साठ वर्षं तुम्ही सगळ्यांना एकाच रकान्यात कोंबलंत. सुरमईला वेगळा रकाना, पापलेटला वेगळा, आणि चपट्या अंगाचं, लांब शेपटीचं जे काही जाळ्यात येईल ते 'पाकट'. जाती वीस असोत की एक, तुम्हाला वजनाशी मतलब. एखादी जात संपली तरी तिच्या जागी तराजूत दुसरी पडायची आणि तुमचा रकाना भरलेलाच दिसायचा.

२०७१ सालच्या त्या सकाळी, देवगडपासून बारा मैलांवर, वासू कुबल तांडेल मनातल्या मनात हे मत्स्यखात्याला सुनावत होता. त्याच्या ट्रॉलरवर परातीएवढं पाकट पडलं होतं, आणि शेपटी शाबूत होती. एरवी पाकट वर आलं की शेपटीवरच्या विषारी काट्याच्या भीतीने आधी शेपटी उडवायची. जात ओळखायची ती शेपटीवरच्या पट्ट्यांवरून. पण पट्ट्या जायच्या समुद्रात आणि उरलेलं रकान्यात. आज शाल्मली राणे कोयत्याच्या आड आली होती.

ती समुद्रजीवांची अभ्यासक. तिच्या हातात 'कुळछाप' होतं. माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात त्याची जनुकं असतात. ती वाचून हे यंत्र जात सांगायचं, आणि आईबाप कोण तेही. मोजणी त्यावरूनच व्हायची. जाळ्यात मायलेकी वारंवार सापडू लागल्या, तर समुद्रात कुटुंबंच थोडी उरलीत. जत्रेत सख्खी बहीण सहसा समोर येत नाही, रिकाम्या गल्लीत येते.

"काय गो, वाचतेस की पारायण लावलंस?" वासूने विचारलं.

"तांडेल, पाच वर्षांत या जातीची एकेचाळीस पिल्लं मी बंदरावर तपासली." तिने यंत्र त्याच्यापुढे धरलं. "सगळी हिची."

वासू उकिडवा बसला. "म्हणजे किनाऱ्याला ही एकच आवस?" स्वतःच्या आईलाही तो आवसच म्हणायचा.

"मला तरी दुसरी सापडली नाही. पण पिल्लांचे बाप तीन निघाले. वंश चालू शकतो. आताही हिच्या पोटात पिल्लं आहेत. ही अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते."

डोलकाठीवरचा कॅमेरा बघत होता. पकडलेलं काहीही परत टाकायचं नाही, असा कायदा होता. मेलेल्या माशांची नासाडी थांबावी म्हणून केलेला. जिवंत आईची त्यात सोय नव्हती.

"परवाना जाईल," शाल्मली म्हणाली.

"मग भाकरी तू घालशील?"

"घालीन."

"थापता येते?"

"नाही."

वासू हसला. दोघांनी पाकट ओल्या गोणपाटावर घेतलं आणि काठावरून अलगद सोडलं. ते दगडासारखं खाली गेलं, मग अंगाची कड हलली, आणि ते दिसेनासं झालं. बत्तीस वर्षांत आपण अशा किती शेपट्या उडवल्या, हे वासूला आठवेना.

केबिनमधल्या पडद्यावर त्याने खात्याच्या नोंदवहीतला रकाना सत्तावीस उघडला. वजन भरलं नाही. लिहिलं : 'आवस. जिवंत. शेपटीसकट परत सोडली.'

लाल अक्षरं उमटली : 'ही जात यादीत नाही.'

त्याने एकेक अक्षर दाबत खाली लिहिलं : 'यादीत नाही, समुद्रात आहे. परवाना न्यायला याल तेव्हा यादी घेऊन या. आणि आल्याआल्या आधी सांगा, हिला रकाना कधी देताय?'