तक्रार बंद करा

शुक्रवारचा केक कापायच्या आधी फळा स्वच्छ झालाच पाहिजे, हा गोथेनबर्गच्या त्या ऑफिसातला अलिखित कायदा. संगणकावरच्या त्या फळ्यावर प्रोग्रॅममधल्या चुकांच्या तक्रारी लागत. एखाद्याची रखडली, तर शेजारचाच ती बंद करून टाकी, आणि वर पाठीवर थाप मारी. फेरीबोटींची दारं उघडणारा-मिटणारा प्रोग्रॅम ही मंडळी लिहीत. तो तपासायचं काम इल्वाचं.

सोमवारी एक तक्रार आली. ‘धक्क्याला लागण्याआधीच दार उघडतं.’ नोंदवणाऱ्याचं नाव नाही. खाली, रिवाजाप्रमाणे, चूक पुन्हा घडवून पाहायच्या पायऱ्या होत्या: समुद्र शांत. दुपारची फेरी. तक्रार बंद करा.

“बघ, स्वतःच म्हणतोय बंद करा!” शेजारचा टॉर्केल खो-खो हसला. “इतकं समजूतदार गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही मी.”

इल्वाने चाचणीच्या दारावर सकाळभर डोकं फोडलं. दार ढिम्म. शेवटी ‘पुन्हा घडवता आली नाही’ असा शेरा मारून दुपारी तिने तक्रार बंद केली.

संध्याकाळी ती बेटावर घरी पोचली, तेव्हा तिचे बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. रोज तूवाला, म्हणजे इल्वाच्या लेकीला, शाळेच्या बोटीवरून उतरवून घ्यायला तेच धक्क्यावर उभे असत.

“आज काय झालं माहितेय? बोट अजून पाण्यातच, आणि दार उघडलं. दाराशी कुणी नव्हतं म्हणून बरं.”

इल्वाने वेळ विचारली. तिने तक्रार बंद केली तीच.

मंगळवारी तक्रार पुन्हा उघडी होती. कुणी उघडली, फळ्यावर दिसेना. पायऱ्यांत भर पडली होती: दाराशी एक मूल. त्याच्या एका हातात हातमोजा नाही.

सकाळीच तूवाचा एक लोकरी हातमोजा हीटरवर राहून गेलेला इल्वाने पाहिला होता. ‘व्हायला काय हवं’ या रकान्यात लिहिलं होतं, मूल धक्क्यावर उतरतं. ‘झालं काय’ हा रकाना रिकामा होता.

तिने बोटवाल्यांना फोन केला. दार वेळेआधी उघडल्याची त्यांच्याकडे नोंदच नव्हती. टॉर्केलला सांगावं असं तिला फार वाटलं. पण सांगणार काय, कपाळ? तिने तक्रार स्वतःच्या नावावर घेतली आणि तिला हात लावला नाही. पुढे दोन दिवस वारा सुटला, समुद्र खवळलेला राहिला, म्हणून जिवाला जरा धीर होता.

शुक्रवारी पाणी अगदी निवांत होतं. बेटाला पूल नाही, बोटीवाचून घर नाही. इल्वा फोन घेऊन जिन्यात गेली.

“बाबा, आज शाळेकडे जाऊन तूवाबरोबरच बोटीत बसा ना.”

“अगं, पण झालं काय?”

“विचारू नका. तिला धरून ठेवा, एवढंच.”

“बरं बाई. निघालोच.”

दुपारी तिचं लक्ष घड्याळावरून हलेना. तोंडावर पाणी मारून ती परतली, तर टॉर्केल हिरव्या केकसमोर सुरी घेऊन उभा.

“तुझी ती रखडलेली ब्याद काढून टाकली बघ. ये, पहिला तुकडा तुझा!”

“कधी?”

“आत्ताच. अगं, अशी काय बघतेस? आभार नको मानूस, पण खाऊ की गिळू तरी करू नकोस!”

तिने बाबांना फोन लावला. वाजत राहिला.

वाजत राहिला.

“इल्वा...” बाबांना धाप लागली होती. “मध्येच उघडलं गं दार. पाय घसरलाच होता पोरीचा. कोटाची टोपी माझ्या मुठीत होती, म्हणून...”

मागे तूवा हमसून हमसून रडत होती. रडते आहे, म्हणजे आहे. इल्वाला तिथेच भोकाड पसरावंसं वाटलं.

“सोडू नका तिला, बाबा.”

ती खुर्चीकडे वळली. समोर फळा होता. तक्रार पुन्हा उघडली होती.

‘तक्रार बंद करा’ ही पायरी तशीच तळाशी होती. तिच्या वर एक नवी आली होती.

सोबत आजोबा नाहीत.