शकुचं नेट

नवी बॅटरी टाकून महिनाही झाला नव्हता. सकाळी फोन भरून ठेवावा, तर दुपारच्या चहाच्या आत खलास. धोंडिराम तावातावाने जोगेश्वरी स्टेशनाबाहेरच्या दुकानात गेले. फोन दुरुस्त करणाऱ्या प्रीतमने तो उलटसुलट करून पाहिला आणि बॅटरी ठणठणीत असल्याचं सांगितलं.

"काका, हॉटस्पॉट चालू आहे तुमचा. कोणीतरी तुमच्या नेटवर मजा मारतंय."

"घरात मी आणि मुलगी. तिचं नेट तिच्याकडे."

"मग शेजारी असणार. इथे दाबा, चोराचं नाव दिसेल."

धोंडिराम चोर पकडायच्या तयारीनेच चाळीत परतले. दुपारची सामसूम होती. मोरीतला नळ तेवढा टपकत होता. खाटेवर बसून त्यांनी प्रीतमने सांगितलं होतं तिथे दाबलं.

एक फोन जोडलेला होता. नाव होतं, शकु.

शकु त्यांची बायको. गणपतीच्या आधी मोरीत कोसळली, ती उठलीच नाही. हातातला फोन बादलीत पडला, तोही गेला. अक्षताने तो पुसून आईच्या साड्यांत ठेवून दिला होता. धोंडिरामांनी कपाट उघडलं. तो फोन काळा, थंड, मेलेला. त्यांच्या हातातला मात्र तव्यासारखा तापलेला.

दुसरा कोणी किंचाळत पळाला असता. धोंडिरामांची छाती धडधडली ती आनंदाने. गावाहून लग्नाचा होकार आला होता, त्या दिवशी धडधडली होती तशी. रोज दुपारी शकु म्हणायची, अहो, जरा नेट द्या. ते कुरकुरत द्यायचे आणि ती सिरियल बघत बसायची. आता ती मागतही नव्हती. सरळ घेत होती.

"बघतंस काय गो?" त्यांनी कपाटाला हळूच विचारलं.

त्या दिवसापासून म्हातारा पालटला. सकाळीच दाढी, धुतलेला सदरा. दुपारी दोन कप चहा. फोन चार्जरला लावून कपाटाशेजारी ठेवायचा आणि नावाकडे बघत बसायचं. नाव दिसलं की खोलीत साबणाचा, ओल्या लुगड्याचा वास यायचा.

रविवारी अक्षताला सुट्टी असे. तिने दुसरा कप पाहिला, मग फोनवरचं आईचं नाव पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, बंद करा ते."

"का? तुझं काय जातंय?"

"ती एवढं चार्जिंग ओढते... आणि फोन संपला की मग कुठून ओढेल?"

धोंडिराम तिच्यावर खेकसले. आईला नेट द्यायला पोरीची परवानगी लागत नाही, म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडली. तिचा डोळा लागला.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. चार्जरही बंद पडला आणि फोनच्या बॅटरीचा आकडा भराभरा उतरू लागला. धोंडिराम अधीर होऊन स्क्रीनवर बोट फिरवत राहिले. जणू तसं केल्याने तो थांबणार होता. स्क्रीन काळी झाली. नळाचं टपकणंही थांबलं.

"अहो..."

आवाज खाटेवरून आला. अक्षता हलली नव्हती. डोळे मिटलेले होते.

"अहो... बंद कित्याक केलात?"

ही शकुची मालवणी. तिचा एक शब्द अक्षताच्या तोंडात कधी आला नव्हता. आणि बापाला अहो कोण म्हणतं? धोंडिरामांनी तिचा हात धरला. तो तापला होता. फोन तापायचा तसा.

लाइट आली तेव्हा ती उठून बसली. तिला काही आठवत नव्हतं. बाबा, पाणी द्या, एवढंच म्हणाली.

आता धोंडिरामांचा फोन दोन-दोन दिवस चालतो. प्रीतम आपल्याच बॅटरीची तारीफ करतो. अक्षता सकाळी तरतरीत असते. दुपार झाली की कामावरून परत येते आणि उंबऱ्यावरच बसते.

"बाबा, अंगातलं सगळं कोणीतरी काढून घेतल्यासारखं होतं."

ती झोपली की धोंडिराम हॉटस्पॉट चालू करतात आणि फोन तिच्या उशाशी धरतात.

"शकु, हय ये गो. पोरीक सोड..."

कोणी जोडलं जात नाही. फोन थंडगार राहतो, शंभर टक्के भरलेला. आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेली अक्षता हलकेच हसते, रंगात आलेली सिरियल बघत असल्यासारखी.