निजामपुऱ्यातला बुजवलेला खड्डा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्याच वर्कशॉपमध्ये, माझ्याच डोळ्यांदेखत घडलंय. आणि रात्री-बित्री नाही... भर दुपारी, सव्वादोनला. बडोद्यात, निजामपुऱ्यात. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या बुधवारी.



मी उत्कर्ष. आमच्या घरात तीन पिढ्या कारकून, नाहीतर मास्तर. हाताला ग्रीस लागलेला मी पहिलाच. बाबा अजून पाहुण्यांना "आमचे चिरंजीव इंजिनिअर" एवढंच सांगतात आणि विषय बदलतात. पण घाणीची किळस माझ्याही रक्तात आहे. टायरला शेण लागलेलं दिसलं तरी मला जेवण जात नाही. असा माणूस गॅरेज काढतो, म्हणजे बघा!

मला हे काम शिकवलं पिलाजीरावांनी. वय बासष्ट. जागेच्या आधीच्या मालकाकडेही तेच होते. जुन्या गॅरेजांत असतो तसा आमच्याकडे खड्डा होता. गाडी वर उभी करायची आणि खाली उतरून काम करायचं. खड्डा साडेचार फुटांचा, पिलाजीराव पावणेसहा फुटांचे. तीस वर्षं मान मोडून काढली त्यांनी. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, आणखी वर्षभर असेच वाकलात तर पाठ कायमची जाईल.

म्हणून मी गाडी उचलायची लिफ्ट घ्यायचं ठरवलं. पिलाजीरावांना ताठ उभं राहून काम करता यावं, एवढंच मनात होतं.

एवढंच...? खोटं कशाला बोलू. तो खड्डा मला डोळ्यांसमोर नको होता.

तळाशी हातभर काळं पाणी. जळकं ऑइल, सडकी फडकी, फुगून वर आलेले उंदीर. आणि पिलाजीरावांची एक सवय. उतरण्याआधी काठावर पाना तीनदा आपटायचे. ठक... ठक... ठक. मग जरा थांबायचे आणि म्हणायचे, "येतोय रे."

"कोणाला सांगता?" मी एकदा विचारलं.

"सांगून उतरावं, भाऊ. खड्डा आपला नव्हे."

मला वाटायचं, उंदीर पळावेत म्हणून करत असतील.

लिफ्टवाला मकरपुऱ्याहून आला. टेपने जागा मोजली, जमिनीवर टाच आपटून बघितली. म्हणाला, "साहेब, चार खांबावाळी लो तो खाडो रहेशे. बे खांबावाळी लो तो पुरवो ज पडशे. नीचे पोलुं होय तो बोल्ट पकडे नहीं." म्हणजे दोन खांबांची घेतली तर खड्डा बुजवावाच लागणार, खाली पोकळ असेल तर बोल्ट धरत नाहीत.

पिलाजीराव लगेच म्हणाले, "चार खांबांचीच घ्या, भाऊ. खड्डा राहू दे."

मी दोन खांबांची घेतली. जागा कमी लागते, चाकं मोकळी राहतात... कारणं काय, शंभर सांगता येतात.

पिलाजीरावांनी मग एकच मागणं केलं. "बुजवायचाच तर आधी उपसून साफ करा. आणि ठोकून सांगा. मी असताना करा."

मी हो म्हणालो. आणि ज्या बुधवारी ते गुडघ्याच्या एक्स-रेला जाणार होते, नेमका तोच दिवस धरला.

उपसायला माणूस बोलावला होता. पण पहिली बादली वर आली आणि... शी! तो वास! नासलेल्या मांसात कोणीतरी डिझेल ओतल्यासारखा. बादलीत काहीतरी लांब, लिबलिबीत, केसांसारखं लोंबत होतं. मला तिथेच उलटी झाली.

"नका उपसू," मी ओरडलो. "वरूनच डबर टाका."

डबर वाहायला गंगाबाई नावाची बाई होती. पहिलं घमेलं टाकून ती थबकली.

"शेठ... अंदर कोईक छे."

"कोणी नाही, उंदीर आहेत. टाका."

काळ्या पाण्यावर बुडबुडा आला... मोठा, माणसाच्या डोक्याएवढा. फुटला. आणि वास असा आला की बाईने घमेलं टाकलं आणि बाहेर जाऊन बसली. पुन्हा आत आली नाही.

बाकीचं डबर आम्हीच लोटलं. मग वरून काँक्रीट.

सव्वादोन वाजले होते. मिक्सर बंद झाला. सगळं शांत...

ठक.

ठक.

ठक.

खालून.

मी थापी उचलली आणि स्वतःच्या हाताने काँक्रीट सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी पिलाजीराव आले. ओल्या काँक्रीटसमोर बराच वेळ उभे राहिले.

"साफ केलात ना? ठोकून सांगितलंत ना, भाऊ?"

"हो," मी म्हणालो.

माझ्या शब्दावर त्यांनी मान डोलावली. ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवलं, त्याच्याशी मी तोंडावर खोटं बोललो.

अठ्ठावीस दिवस काँक्रीट सुकू दिलं. मग लिफ्टवाल्याची माणसं बोल्टसाठी भोकं पाडायला आली. सुक्या काँक्रीटमधून पांढरी भुकटी यायला हवी. पाच भोकांतून आली. सहाव्यातून काळा राडा वर आला, उकळल्यासारखा. ड्रिलच्या टोकाला केस गुंडाळले होते.

"जूनी गूणीना रेसा छे, साहेब," ड्रिल धरलेला माणूस म्हणाला, जुन्या गोणीचे धागे म्हणे. पण हात लावायला तयार होईना. शेवटी पक्कडीने ओढून काढले. ते संपतच नव्हते...

लिफ्ट मात्र झकास बसली. पहिली गाडी वर चढली. पिलाजीराव खाली गेले, उभे राहिले. ताठ. गाडीकडे बघत राहिले आणि लहान मुलासारखे हसले.

"भाऊ, तीस वर्षांत पहिल्यांदा मान वर करून इंजिन बघतोय."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हटलं, शेवट गोड ते सगळं गोड.

चौथ्या दिवशी बघितलं तर पिलाजीराव वाकले होते.

गाडी साडेसहा फूट वर. डोक्यावर वीतभर मोकळी जागा. आणि हे मान मोडून, गुडघ्यांत दुमडून उभे.

"पिलाजीराव, ताठ उभे राहा की."

"उभाच आहे, भाऊ."

त्यांना खरंच कळत नव्हतं.

रोज आणखी वाकायचे. आठव्या दिवशी तर हनुवटी छातीला टेकली होती. लिफ्टखालून बाहेर आले की हळूहळू सरळ व्हायचे, पण आदल्या दिवसाइतके नाही. आणि तो वास... फरशी फिनेलने घासली, ॲसिडने घासली, तरी जाईना. डब्यातली पोळी तोंडात घातली की तोच वास. माझी पत्नी मैथिली म्हणाली, "अहो, वजन किती उतरलंय तुमचं!"

दहाव्या दिवशी पिलाजीराव माझ्यासमोर पाठमोरे हात धूत होते. निळ्या शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर काळे, ओले पंजे उमटले होते. वरून दाबल्यासारखे. बोटं फार लांब. आणि ते वाळत नव्हते... पाझरत होते.

किळस आणि भीती एकदमच आली. कोणती आधी, सांगता येणार नाही.

मी तिथेच सगळं कबूल केलं. उपसलं नाही, सांगितलं नाही, खालून ठोकलेलं ऐकलं तरी बुजवला.

पिलाजीराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शर्ट काढून तिथेच टाकला, डबा उचलला, आणि बनियनवर घरी गेले. परत आले नाहीत. फोनही उचलेनात.

मी लिफ्ट बंद केली. वर्कशॉपला कुलूप लावलं. तीन आठवडे मला एकच चिंता... त्यांची पाठ गेली असेल तर? माझ्यामुळे तो माणूस जन्माचा वाकला असेल तर?

शेवटी एका रविवारी सकाळी दांडिया बाजारात त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची, पाया पडायचं, एवढंच ठरवलं होतं.

दार पिलाजीरावांनीच उघडलं.

ताठ! छाती पुढे, मान सरळ, पांढरा धुतलेला सदरा. इतके उंच ते मला कधी दिसलेच नव्हते. माझे डोळे भरून आले.

"काका, बरे आहात?"

"अगदी बरा, भाऊ. त्या दिवसापासून पाठ दुखलीच नाही."

त्यांची मुलगी नयना पाणी घेऊन पुढे आली. "या ना, दादा..." म्हणता म्हणता ती थांबली. तिने ओढणी नाकाला लावली, दोन पावलं मागे सरली, आणि तांब्या तसाच आत घेऊन गेली.

पिलाजीराव माझ्याकडे बघत होते. म्हणजे... माझ्याकडे नव्हे. माझ्या खांद्यांकडे.

मग दारात हात आडवा धरून अगदी हळू, मायेने म्हणाले, "आत या, भाऊ. तुम्हाला नाही कशाला म्हणेन? पण एकटेच या."

मी एकटाच आलो होतो.

मी तसाच उंबऱ्यावरून परत फिरलो. त्यानंतर मी कोणाच्याही घरी गेलेलो नाही. हे लिहितोय तेही घरात नाही, बाहेर गाडीत बसून. मैथिलीला सांगितलंय, मान जरा आखडलीये.