पाहुण्यांचा खण

भुंगेऱ्यांच्या कपाटाला अजून तोच वास होता, डांबरगोळ्यांचा आणि जुन्या लाकडाचा. दुपारी संग्रहालयाची माणसं कपाट न्यायला येणार होती. मग घराला कुलूप, आणि आईला घेऊन लेक आपल्या गावी. एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून तिनं खण ओढले.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाबांना सगळे भुंगेमास्तर म्हणत. भुंगेऱ्यांच्या एकेका कुळाला त्यांनी वेगळा खण दिला होता: सोंडकिडे, काजवे, शेणकिडे, लांब मिशांचे. नवा भुंगेरा भिंगाखाली ठेवून ते लेकीला विचारत, "ओळख पाहू, कुणाच्या घरचा?" ती मिशा बघायची, पायांचे सांधे मोजायची. मग टाचणी. तीही उजव्याच पंखातून, डावी बाजू अभ्यासाला धड राहावी म्हणून. चुकून डावीकडे टोचली की बाबा दिवसभर अबोला धरत.

ज्याचं कुळ ठरेना, तो सगळ्यात खालच्या, पाहुण्यांच्या खणात. लेक ना आईच्या वळणावर गेलेली, ना बापाच्या. बाबा चिडवत, "ही पण पाहुण्यांतलीच. हिचं बघू सावकाश." ती फुरंगटून बसायची. आज ते चिडवणं ऐकायला तिनं काहीही दिलं असतं.

पाहुण्यांचा खण रिकामा होता.

बाबा गेले तेव्हा तो गच्च भरलेला होता. तिनंच कपाटाला कुलूप लावलं होतं.

"आई, कपाट कुणी उघडलं होतं?"

"कोण उघडणार? किल्ली तर तू घेऊन गेलीस."

तिनं बाकीचे खण नीट पाहिले. सगळे पाहुणे आपापल्या कुळात जाऊन बसले होते. ज्याच्यावरून बापलेकीत वर्षानुवर्षं वाद चालला, तो तपकिरी भुंगेरासुद्धा. भिंग लावून पाहिलं. जागा बरोबर होती.

तिला रडू आलं आणि हसूही.

"झालं का बाबा, सगळ्यांचं?" ती हळूच म्हणाली.

खालचा खण लावायला ती वाकली. मधोमध एक कोरी टाचणी उभी होती. मघाशी नव्हती.

आई पिशवी घेऊन दारात आली. "चल गं, गाडी आलीये. कपाट न्यायला माणसंही आलीत."

"तू हो पुढं."

"म्हणजे?"

तिला इथून हलावंसंच वाटत नव्हतं.

आई तिच्या पाठीशी येऊन थबकली. "हे काय लागलंय तुला?"

उजव्या खांद्याखाली, कापडावर, एवढासा लाल ठिपका.

"दुखतंय का?"

"नाही."

आईनं काळजीनं पाठभर हात फिरवला. डावी बाजू अगदी धड होती.